रूळ सोडलेले डबे: खान्देशातील नोंद आताच व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाचोरा–जामनेर रेल्वेमार्गाचे रुंदीकरण आणि तो मार्ग पुढे बोदवडपर्यंत नेण्याचे काम यांविषयीच्या बातम्या आपल्या दैनिकातून येत असतात आणि आम्ही जुने रेल्वेवाले त्या आवर्जून वाचतो. हा मार्ग ब्रॉडगेज व्हावा ही त्या भागातील लोकांची जुनी मागणी आहे आणि तिला माझा मनापासून पाठिंबा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा मजकूर वाचून जुन्या गाडीच्या मायेपोटी हा माणूस नव्या गाडीला आडवा येतो आहे, असा कोणाचा समज होऊ नये. माझी विनंती निराळी आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शेतांमध्ये, खळ्यांवर आणि रेल्वेच्या आवारांत जुन्या डब्यांची चाके काढलेली जी धडे घर, कोठी किंवा गोदाम म्हणून अजून उभी असतील, त्यांची एकदा नीट नोंद व्हावी. आणि नॅरोगेजच्या उरलेल्या डब्यांपैकी थोडे तरी अखंड स्थितीत, कोणाच्या तरी रोजच्या वापरात, याच परिसरात राहावेत.

मी भुसावळचा. रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यात छत्तीस वर्षे नोकरी केली. डबे तपासणे, त्यांची झीज मोजणे आणि मुदत संपलेला डबा कंडम ठरवण्याच्या कागदांवर सह्या करणे हेच माझे काम होते. त्यामुळे डबा म्हणजे काय, हे थोडक्यात सांगण्याची मुभा घेतो. आपल्याकडे सबंध डब्यालाच ‘बोगी’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. खात्याच्या भाषेत मात्र बोगी म्हणजे डब्याच्या दोन्ही टोकांखाली असणारा चाकांचा गाडा. त्या गाड्यांवर लोखंडी चौकट असते, तिला अंडरफ्रेम म्हणतात, आणि जुन्या पद्धतीत त्या चौकटीवर सुतारांनी उभे केलेले लाकडी धड बसवलेले असे. चाके, बोग्या आणि चौकट काढून घेतल्यावर जे उरते आणि जमिनीवर टेकवले जाते, त्या धडाविषयी हे पत्र आहे.

माझ्या मामांच्या गावी, वाघूर नदीच्या काठावरील एका मळ्यात असे एक धड उभे आहे. मळा मामांच्या शेजाऱ्यांचा. त्या घरातील कर्त्या पुरुषाला सारे गाव जिभाऊ म्हणे. साठच्या दशकात जिभाऊंनी पाचोऱ्याच्या एका लाकूड व्यापाऱ्याकडून हा डबा विकत घेतला. व्यापाऱ्याने तो लिलावात घेतलेला होता आणि त्याला त्यातील सागवान हवे होते. जिभाऊंना मात्र सालदाराच्या कुटुंबासाठी खोली हवी होती, आणि फळ्या सुट्या करून पुन्हा खोली बांधण्यापेक्षा खोलीच उचलून न्यावी असा विचार त्यांनी केला. पस्तीस फुटांच्या आसपास लांबीचे धड बैलगाडीवर मावेना, तेव्हा सुताराकडून ते मधोमध कापून घेतले, दोन खेपांत मळ्यात नेले आणि तेथे पुन्हा जोडले. जोडावर मारलेली आडवी पट्टी आजही दिसते. आतून डबा जेमतेम सात फूट रुंद आहे. एका टोकाला चूल, मध्ये धान्याच्या कणग्या आणि दुसऱ्या टोकाला निजण्याची जागा, अशी त्याची मांडणी होती. सामान ठेवण्याच्या फळीच्या लोखंडी कंसाला झोळी बांधून त्या सालदाराची तीन लेकरे वाढली. पुढे त्यांनी गावात घर बांधले, तेव्हा डब्यात सरकी, मग कपाशी, आणि आता ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी आली.

गेल्या मार्गशीर्षात मी तो डबा टेप घेऊन पहिल्यांदा नीट मोजला. खिडक्यांच्या लाकडी झडपांपैकी चार जागच्या जागी आहेत आणि त्यांतली एक अजून वरखाली सरकते. दाराच्या वरच्या पट्टीवर निळ्या ऑइलपेंटचे थर आहेत, पण त्यांखाली कोरलेला आकडा बोटाला लागतो. छताला दिव्याचे गोल भोक आहे. ते पत्र्याच्या डब्याचे झाकण ठोकून बुजवलेले आहे. सालदाराच्या बाईने भिंतीला खडूने ओढलेल्या पाच पाच रेघांचे झुबके आजही पुसलेले नाहीत, कारण मजुरीच्या दिवसांचा तो हिशेब होता आणि जिभाऊंनी तो कोणाला पुसू दिला नाही.

इतकी वर्षे हा डबा टिकला, यामागे तीन कारणे आहेत असे माझे मत झाले आहे. पहिले कारण लाकूड. जुन्या जातिवंत सागाला वाळवी सहसा लागत नाही आणि डब्याच्या सुतारकामात सांधे असे बसवलेले असतात की धक्के खाऊनही ते सैल होऊ नयेत. दुसरे कारण जमीन. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे कच्च्या पायावरील भिंत दोन-चार वर्षांत तडकते; डब्याचे धड मात्र हादरे, पिळे आणि वळणे सोसण्यासाठीच बांधलेले असते. जिभाऊंनी त्याखाली मुरूम टाकून वर जुने लाकडी स्लीपर आडवे ठेवले होते, म्हणून जमीन हलली तरी धड तिच्याबरोबर थोडे हलले आणि तुटले नाही. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पहिल्याच वर्षी जिभाऊंनी डब्याच्या छपरावर दीड हात अंतर सोडून मेढी रोवल्या आणि पत्र्याचे दुसरे छप्पर घातले. हेतू फक्त उन्हापासून बचावाचा होता. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, आणि दोन छपरांमधून वारा खेळला तर खालची खोली निवते. इंग्रजांच्या काळातील कित्येक डब्यांना याच कारणासाठी दुहेरी छत असे. पण त्या पत्र्यामुळे मूळ छपरावर पावसाचा थेंब पडला नाही, आणि लाकडी डबा नेहमी छपरापासून खाली कुजत जातो, हे या कामातले कोणीही सांगेल. फळ्यांवर ताणून बसवलेले कापड आणि त्यावरील रंगाचा लेप फाटला की पाणी भिंतींच्या आत उतरते आणि बाहेरून शाबूत दिसणारा डबा आतून भुसा होतो.

हे दुसरे छप्पर मला ब्रिटनमधील अशाच डब्यांविषयी वाचताना पुन्हा भेटले. तेथे पहिल्या महायुद्धानंतर घरांची मोठी टंचाई होती आणि त्याच सुमारास रेल्वे कंपन्या गॅसच्या दिव्यांचे, चार किंवा सहा चाकांचे जुने लाकडी डबे मोडीत काढत होत्या. त्या डब्यांचा धोका उघड झालेला होता. १९१५ मध्ये स्कॉटलंडमधील क्विंटिन्सहिल येथील अपघातात गॅस पेटून लाकडी डबे जळाले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली, त्यांत बहुतेक सैनिक होते. १९२३ मध्ये तेथील बहुतेक कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या आणि जुना माल काढून टाकण्याला वेग आला. लोखंडी चौकट आणि चाके कंपनीच्या उपयोगाची, म्हणून ती ठेवून घेतली जात आणि धड स्वस्तात विकले जात असे. ज्यांना वीट परवडत नव्हती त्यांनी ती धडे घेतली. ससेक्सच्या किनाऱ्यावर शोरहॅम येथे तर विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच अशा डब्यांच्या बंगल्यांची वस्ती उभी राहिली होती, तिला लोक ‘बंगलो टाउन’ म्हणत. १९४० मध्ये किनारा संरक्षणासाठी मोकळा करताना तिचा बराचसा भाग पाडला गेला. त्याच परगण्यातील सेल्सी आणि पॅगम येथे, आणि केंटमधील डंजनेसच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर, डब्यांची घरे आजही लोक वापरतात. डंजनेसच्या घरांपैकी पुष्कळ तेथील रेल्वे कामगारांनीच घेतली होती. नेहमीची रीत अशी होती की दोन धडे समोरासमोर, मध्ये दहा-बारा फूट जागा सोडून ठेवायची आणि दोहोंवर मिळून एकच मोठे छप्पर घालायचे. मधल्या जागेत बैठकीची खोली होई आणि दोन्हीकडच्या कप्प्यांत निजण्याच्या खोल्या. घरमालकाला हवी होती जागा, पण त्या मोठ्या छपराने डबे शंभर वर्षे कोरडे राहिले.

याचा पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. आपली जुनी रेल्वे पुन्हा उभी करावी असे जेव्हा तेथील लोकांना वाटू लागले, तेव्हा त्यांना खरे डबे मिळाले ते बहुतेक असल्या घरांतून, परसातल्या खोल्यांतून आणि कोंबड्यांच्या खुराड्यांतून. डेव्हन परगण्यात लिंटन ते बार्नस्टेपल ही सुमारे दोन फुटी गेजची छोटी रेल्वे १८९८ मध्ये सुरू झाली आणि १९३५ मध्ये बंद पडली. तिचे डबे लिलावात विकले गेले. त्यांतील एक डबा एका धर्मोपदेशकाच्या बागेत खोली म्हणून राहिला. आज तो यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात, सापडला त्या स्थितीतच ठेवलेला आहे. दुसरा एक डबा मार्गावरील एका छोट्या थांब्याजवळ तसाच पडून होता. तो १९५९ मध्ये वेल्समधील फेस्टिनिऑग रेल्वेने नेला, दुरुस्त केला आणि प्रवाशांच्या गाडीला जोडला. आइल ऑफ वाइट या बेटावरील वाफेच्या गाडीला लागणारे कित्येक लाकडी डबे याच प्रकारे किनाऱ्यावरच्या घरांतून मिळवलेले आहेत. मूळ चौकटी तर केव्हाच वितळवल्या गेल्या होत्या, म्हणून त्यांच्याखाली नंतरच्या काळातील पार्सल व्हॅनच्या चौकटी मापाप्रमाणे बदलून बसवल्या. तेथील एका विश्वस्त संस्थेने देशभर उरलेल्या जुन्या डब्यांची सूची तयार केली आहे. तीत हजारो डबे आहेत आणि शेतात टेकवलेल्या धडांचीही नोंद आहे. कोणता डबा कोठे आहे हे आधी कागदावर आले, म्हणूनच नंतर कोणाला तरी तो वाचवता आला.

आपल्याकडे असे डबे फार थोडे का उरले, याचे उत्तर माझ्या खात्यातच आहे आणि ते मी लपवू इच्छित नाही. आपल्याकडे लाकडी डबा मोडीत निघाला की त्याच्या सागाला बाजारात चांगली किंमत येई, त्यामुळे डबा म्हणून त्याकडे पाहणारा गिऱ्हाईक क्वचितच मिळे. खान्देशातील कित्येक जुन्या वाड्यांची दारे आणि पलंग तपासले तर त्यांत रेल्वेचा साग निघेल. नंतर पोलादी डबे आले. मद्रासजवळ पेरांबूर येथे १९५५ मध्ये इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली. तिच्या नावातील ‘इंटिग्रल’ शब्दाचा अर्थच असा की चौकट आणि धड वेगळे नाहीत, भिंती, छत आणि तळ वेल्डिंगने एकजीव केलेली ती एक पोलादी नळी आहे. अपघातात हा डबा लाकडी डब्यासारखा चिरफाळत नाही, प्रवाशाचा जीव वाचण्याची शक्यता वाढते, आणि याबाबत लाकडाच्या बाजूने बोलण्यासारखे काहीही नाही. मात्र अशा डब्याचे धड चौकटीवरून उचलून शेतात नेता येत नाही. नेला तर २१ मीटरहून लांब आणि सव्वातीन मीटर रुंद असा सबंध डबा न्यावा लागतो, आणि ते शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही. या डब्याची मुदत २५ वर्षांची असते. ती संपली की तो कंडम होतो, लिलावात जातो आणि गॅस कटरने कापला जातो. या बांधणीचे नवे डबे करणे पेरांबूरने २०१८ च्या जानेवारीत थांबवले. म्हणजे आपल्या तीन पिढ्यांनी ज्या निळ्या आणि त्याआधीच्या तांबड्या डब्यांतून प्रवास केला, त्यांचा अखेरचा डबाही येत्या दोन दशकांत कंडम होईल.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका यार्डाच्या कडेला मी दोन लाकडी डबे जाळताना पाहिले आहेत. लोखंड लवकर सुटे व्हावे म्हणून लाकडाला आग लावण्याची ती पद्धत होती. कुजलेल्या लाकडाला गिऱ्हाईक नव्हते आणि जागा मोकळी करायची होती. त्यांतल्या एका डब्यात स्त्रियांसाठी राखीव कप्पा होता आणि त्याच्या दारावरची मराठी अक्षरे जळेपर्यंत वाचता येत होती. मी तेव्हा नवा होतो, गप्प उभा राहिलो. त्या डब्यांचे क्रमांकसुद्धा मी लिहून घेतले नाहीत, आणि याचे दुःख मला आजही आहे.

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात प्रिन्स ऑफ वेल्ससाठी १८७५ मध्ये बांधलेला डबा आहे, म्हैसूरच्या महाराजांचा खास डबा आहे, आणि ते जपले गेले याचा आनंदच आहे. पण भुसावळहून नागपूरला, चाळीसगावहून धुळ्याला किंवा ताप्तीकाठच्या मार्गाने सुरतेला जो माणूस गेला, तो तिसऱ्या वर्गाच्या बाकावर बसून गेला. तो बाक कोणी जपला नाही. तो उरला असेल तर जिभाऊंसारख्या एखाद्याच्या मळ्यातच उरला असेल, आणि तोही गोठ्याचा दांडा किंवा दाराची चौकट होऊन.

अलीकडे काही ठिकाणी जुने डबे स्थानकाबाहेर चौथऱ्यावर मांडण्याची प्रथा सुरू झाली आहे. त्यामागचा हेतू चांगला आहे, तरी अनुभवाने सांगतो की उघड्यावर मांडलेला आणि कोणीही न वापरणारा पोलादी डबा फार काळ टिकत नाही. दारांच्या उंबऱ्याखाली, शौचालयाच्या खालच्या कोपऱ्यात आणि भिंत जेथे तळाला मिळते त्या सांध्यात पाणी साचते आणि आतून गंज धरतो. दरवर्षी रंगाचा हात दिला तरी तो गंज बाहेरून दिसत नाही. याउलट जो डबा कोणीतरी रोज उघडतो, झाडतो, ज्याच्या छताची गळती त्याच दिवशी लक्षात येते, तो टिकतो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर २०२१ मध्ये जुन्या डब्यात उपाहारगृह सुरू झाले, तसे पुढे इतर स्थानकांवरही झाले. खाण्याच्या दरांविषयी कोणाची तक्रार असो, पण डबा वापरात राहिला तर त्याच्या डागडुजीचा खर्च निघतो हे त्यातून सिद्ध झाले. आणि डब्यात माणसे राहू शकतात का, याचा अनुभव तर आपल्या खान्देशानेच घेतला आहे. करोनाच्या काळात रेल्वेने पाच हजारांहून अधिक डब्यांचे विलगीकरण कक्ष केले होते. त्यांतले काही एप्रिल २०२१ मध्ये नंदुरबार स्थानकावर उभे राहिले आणि रुग्णालयांत खाट मिळेना अशा दिवसांत तेथे रुग्णांवर उपचार झाले. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून आलेल्या ज्या माणसांनी त्या डब्यांत दिवस काढले, त्यांच्या आठवणी कोणी लिहून घेतल्या असतील तर त्या प्रसिद्ध व्हाव्यात, आणि घेतल्या नसतील तर अजून वेळ गेलेली नाही.

आता मूळ विनंतीकडे येतो. पाचोरा–जामनेर ही अडीच फुटी गेजची सुमारे ५६ किलोमीटरची गाडी, जिला आम्ही सारे ‘पीजे’ म्हणतो, मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. शंभर वर्षे तिने शेंदुर्णी, पहूर आणि जामनेरच्या शेतकऱ्यांना, विद्यार्थ्यांना आणि बाजारकरूंना पाचोऱ्याच्या मोठ्या गाडीपर्यंत पोहोचवले. तिचे उरलेले डबे आणि आवारातील किरकोळ बांधकाम यांचे काय करायचे याचा निर्णय रेल्वे प्रशासन घेईलच. नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचे चांगले संग्रहालय आहे आणि एखादा डबा तेथे गेला तर त्याची निगा राखली जाईल. तरीही सगळे काही नागपूरला किंवा भंगारात जाऊ नये. लिलावाची बोली वजनावर ठरते, म्हणून माझी सूचना अशी आहे की काही डबे, भंगाराच्या वजनाने जी किंमत येईल त्याच किमतीला, आधी त्या दोन तालुक्यांतील ग्रामपंचायतींना, शाळांना आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना देऊ करावेत, अट एवढीच की डबा कापायचा नाही आणि वर्षभरात त्याच्यावर दुसरे छप्पर घालायचे. नॅरोगेजचा डबा लहान आणि हलका असतो, तो ट्रेलरवरून गावात नेता येतो. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांनी वर्गाच्या भिंती रेल्वेच्या डब्यासारख्या रंगवल्या आहेत आणि मुलांना ते चित्र फार आवडते. त्याच शाळेला वाचनालयासाठी खरा डबा मिळाला तर शिक्षकांना आणखी काही सांगण्याची गरज उरणार नाही.

शेतांमधील धडांची नोंद हे काम मात्र रेल्वेवर सोपवू नये. तो माल तिने विकून टाकलेला आहे आणि त्यावर तिचा हक्क नाही. आपल्याकडे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे, तालुक्यातालुक्यात महाविद्यालये आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात पंचवीस मुलांनी एका तालुक्यातील शिवारे पिंजून काढली तर सूचीचा पहिला खर्डा तयार होईल. त्यांनी छायाचित्र घ्यावे, लांबी-रुंदी घ्यावी, खिडक्या आणि दारे मोजावीत, छपराच्या आतील बाजूस दिव्याची आणि हवेच्या झरोक्यांची भोके शोधावीत, दारांच्या पट्ट्यांवर व तुळयांच्या टोकांवर कोरलेले आकडे कागद ठेवून पेन्सिलीने उठवून घ्यावेत. रंग खरवडण्याचा मोह टाळावा. जुन्या रंगांत शिसे असते, त्याची धूळ मुलांच्या पोटात जाऊ नये, आणि मालकाच्या भिंतीचे आपण नुकसानही करू नये. या मोजमापाहून अधिक महत्त्वाचे आहे ते त्या डब्यात राहिलेल्या किंवा तो आणणाऱ्या माणसाचे बोलणे. डबा कोठून घेतला, किती रुपयांना, कसा आणला, त्यात कोण राहिले, हे सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. जिभाऊ जाऊन बारा वर्षे झाली आणि मी जे वर लिहिले त्यातले निम्मे त्यांच्या सुनेने, आमच्या सुमनवहिनींनी, सांगितले म्हणून मला कळले.

एका गोष्टीची खबरदारी घ्यावी लागेल. कागद-पेन्सिल घेऊन कोणी शेतात आले की शेतकऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती सरकार आपली वस्तू घेऊन जाईल का, ही. मलाही मळ्यात हाच प्रश्न विचारला गेला. प्राचीन वस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो, आणि जमिनीवर टेकवलेल्या कोठीविषयी कोणी त्याचा धाक दाखवू नये. सूचीत डब्याचे नुसते गाव नोंदवावे, मालकाचे नाव आणि गट क्रमांक त्याच्या संमतीशिवाय छापू नये, आणि त्याला स्पष्ट सांगावे की डबा तुमचा आहे आणि तुमचाच राहणार आहे. तुम्ही कपाशी ठेवा, शेळ्या बांधा, फक्त मोडायचा झाला तर मोडण्याआधी एक फोन करा. माझ्या मते या कामात मालकाकडून एवढीच अपेक्षा ठेवता येते आणि एवढी पुरेशी आहे. ज्यांचे वरचे पत्रे उडाले असतील त्यांना चार पत्र्यांची मदत एखाद्या दानशूर संस्थेने केली, तर मोठमोठ्या संग्रहालयांच्या खर्चाच्या तुलनेत ती रक्कम काहीच नाही.

भुसावळ, चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर आणि नंदुरबार येथील रेल्वेच्या आवारांतही काही जुनी धडे सामानाच्या खोल्या म्हणून पडलेली असण्याची शक्यता आहे. माझ्या नोकरीच्या काळात मी अशा खोल्यांतून ऑइलचे पिंप आणि ब्रेकचे सामान कितीदा तरी उचलून आणले आहे आणि त्यांच्या भिंतींकडे एकदाही पाहिले नाही. नोकरीत असलेल्या तरुण सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की साफसफाईच्या मोहिमेत अशी खोली पाडण्याचा आदेश आला, तर पाडण्याआधी आतून आणि बाहेरून तिचे चार फोटो काढावेत आणि कोठे काही क्रमांक दिसला तर तो लिहून ठेवावा. याला पाच मिनिटे लागतात आणि कोणाची परवानगी लागत नसल्यास ती घेण्यात वेळ घालवू नये. लागत असल्यास वरिष्ठांना विचारावे, बहुतेक जण हो म्हणतील.

आपल्या वाचकांपैकी कोणाच्या शेतात, परसात किंवा माहितीत असा डबा असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयाकडे गावाचे नाव आणि एखादे छायाचित्र पाठवावे, आणि आपण ती पत्रे जपून ठेवावीत, अशी विनंती आहे. माझा पत्ता आपल्याकडे दिलेला आहे. दिवाळीनंतर कपाशीची पहिली वेचणी आटोपली की शिवारातून फिरणे सोपे जाते. त्या काळात जळगाव जिल्ह्यात कोठेही मोजमाप करण्यासाठी मी स्वखर्चाने येईन. सोबत टेप, ट्रेसिंगचा कागद आणि शिडी असेल. मालकाने फक्त सकाळची वेळ द्यावी, कारण कोरलेले आकडे तिरप्या उन्हातच वाचता येतात.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी,
भुसावळ